घरगुती रसयंत्राची निवड : स्वरसकल्पनेच्या दृष्टीतून

चिकित्सालयात अलीकडे वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांपैकी एक प्रश्न ना निदानाचा असतो, ना पथ्याचा. "डॉक्टर, ज्यूसर कोणता घेऊ?" असे रुग्ण विचारतात. सकाळच्या फेरफटक्यात कोणी तरी दुधीच्या रसाची महती सांगितलेली असते, दूरचित्रवाणीवर एखादे यंत्र पाहिलेले असते, आणि पाच हजारांपासून वीस हजारांच्या पुढेपर्यंतचा खर्च करण्यापूर्वी वैद्याचे मत घ्यावे असे त्यांना वाटते. आपल्यापैकी बहुतेकांना हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. मीही अनेक वर्षे, "कोणताही घ्या, रस ताजा प्या म्हणजे झाले," एवढेच उत्तर देऊन पुढच्या रुग्णाकडे वळत असे. ते उत्तर अपुरे तर होतेच, पण एका रुग्णाच्या बाबतीत धोकादायकही ठरले. तो वृत्तांत पुढे येईलच. तत्पूर्वी हे पाहणे आवश्यक आहे की, यंत्राने काढलेल्या रसाविषयी आपल्या ग्रंथांनी काही म्हटले आहे काय? आश्चर्य वाटेल, परंतु अगदी नेमके म्हटले आहे.

दंतनिष्पीडित आणि यांत्रिक

स्वरस ही पंचविध कषायकल्पनांतील पहिली आणि सर्वांत बलवान कल्पना, हे वैद्यवर्गास सांगावयास नको. चरकसंहितेच्या काही मुद्रित प्रतींत स्वरसाची व्याख्याच यंत्राने पिळून काढलेला रस अशी आढळते. शार्ङ्गधरांनी मध्यमखंडाच्या आरंभी द्रव्य अदूषित असावे, तत्काळ आणलेले असावे, कुटावे आणि वस्त्राने पिळावे, असा विधी दिला आहे. म्हणजे यंत्र आयुर्वेदास वर्ज्य नाही. तथापि इक्षुरसाच्या प्रकरणात मात्र सर्व आचार्य यंत्राविषयी सावध होतात. चरकांनी अन्नपानविधी अध्यायात दातांनी चावून खाल्लेल्या उसाचा रस शीत, स्निग्ध, बृंहण म्हटला आणि यंत्रातून काढलेला मात्र विदाह करणारा म्हटला. सुश्रुतांनी द्रवद्रव्यविधीत त्यास गुरू आणि विष्टंभी ही दोन विशेषणे जोडली.

ऊस तोच, रस तोच, केवळ काढण्याची रीत निराळी. मग गुणांत भेद का व्हावा? याचे उत्तर वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दिले आहे, आणि माझ्या मते रसयंत्राच्या निवडीसंबंधी याहून उपयुक्त विवेचन आजच्या कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. त्यांनी तीन कारणे सांगितली. पहिले असे की, यंत्रात मूळ, शेंडा, किडीने खाल्लेला भाग असे सर्व काही एकत्रच पिळले जाते. दुसरे, त्यात मळ मिसळतो. तिसरे, तो रस काही काळ ठेवला जातो. या तीन कारणांनी यांत्रिक रस विकृतीस पावतो.

येथे लक्षात घ्यावे की वाग्भटांचा आक्षेप यंत्राच्या 'यंत्रपणा'वर नाही. यंत्रामुळे माणसाचे जे तीन व्यवहार सुटतात त्यांवर आहे. दातांनी ऊस खाणारा मनुष्य किडका भाग आपसूक टाकतो, बेचव शेंडा थुंकतो, आणि रस तोंडात येताक्षणीच गिळतो. निवड, शुद्धी आणि तात्काळिकता या तिन्ही गोष्टी दात आणि जीभ विनासायास करतात. यंत्रास जीभ नाही. उसाच्या घाण्यास आपल्याकडे 'चरक' म्हणतात हा निव्वळ शब्दसाम्याचा योगायोग आहे. पण रसवंतीगृहात उभे राहून मोळीतील ऊस न पाहता चरकात जाताना दिसला की मला हटकून संहिताकारांची आठवण होते.

तेव्हा घरगुती यंत्र निवडताना वॉट, फेरे आणि हमीची वर्षे यांच्या आधी हे तीन प्रश्न विचारावेत असे माझे मत आहे. त्यासाठी प्रथम बाजारात मिळणाऱ्या यंत्रांचे स्वरूप थोडक्यात पाहू.

यंत्रांचे प्रकार

पहिला प्रकार लिंबू, संत्रे, मोसंबी यांच्या पिळण्यांचा. हाताच्या किंवा विजेच्या. यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. अर्धे कापलेले फळ डोळ्यांसमोर असते, साल व बिया बाहेर राहतात, धुणे सोपे असते. ज्या घरात केवळ आंबट फळांचाच रस निघतो तेथे याहून अधिक काही विकत घेण्याचे कारण नाही.

दुसरा प्रकार सेंट्रिफ्यूगल ज्यूसरचा. यात किसणीसारखी दातेरी तबकडी आणि तिच्याभोवती बारीक छिद्रांची जाळी असते. ही जोडी मिनिटाला साधारणतः ६,००० ते १४,००० फेरे घेते. फळाचा कीस होतो, रस जाळीबाहेर फेकला जातो आणि चोथा वेगळा पडतो. गाजर, सफरचंद, बीट यांसारख्या कठीण द्रव्यांस हे यंत्र चांगले. पालेभाज्या, तुळस, गव्हांकुर मात्र यात टाकणे व्यर्थ. पाने जवळजवळ अखंडच चोथ्यात जातात. रसात हवा मिसळून फेस येतो व थोड्याच वेळात पाणी आणि गर वेगळे दिसू लागतात. मिक्सरबरोबर येणारे जाळीचे भांडे याच कुळातील, किंचित दुय्यम.

तिसरा प्रकार म्हणजे सध्या ज्याचा फार बोलबाला आहे तो 'कोल्ड प्रेस' किंवा 'स्लो ज्यूसर'. यात मळसूत्राचा जाड दांडा मिनिटाला ४० ते १०० च्या आसपास फेरे घेत द्रव्य चिरडतो व जाळीवर दाबतो. तत्त्वतः हा घाण्याचाच धाकटा भाऊ होय. पाने, आले, आवळा, गव्हांकुर यांस हा उत्तम. चोथा बराच कोरडा निघतो, फेस कमी येतो, आवाजही कमी. हाताने फिरवावयाचे, टेबलाच्या कडेस आवळून बसविण्याचे मळसूत्री यंत्रही याच जातीचे असते, आणि विजेविना चालते. ओट्याला चिकटणारी प्लॅस्टिकची हातयंत्रेही मिळतात, ती मऊ फळांपुरतीच ठीक.

चौथा प्रकार दाबयंत्राचा. द्रव्य आधी कुटून, कापडात बांधून, वरून दाब द्यावयाचा. शार्ङ्गधरांच्या विधीशी सर्वाधिक जुळणारे हेच, परंतु त्याची किंमत व आकार पाहता ते घराऐवजी औषधनिर्माणशाळेत शोभते. घरात त्याचे काम खलबत्ता आणि स्वच्छ मलमलीचा तुकडा करतो.

'कोल्ड' या शब्दाविषयी येथेच बोललेले बरे. वेगवान यंत्राच्या उष्णतेने रसाचे सत्त्व जळून जाते असे विक्रेते सांगतात. रस काढल्यावर भांड्यास हात लावून पाहावा. एका पेल्याच्या कामात तो क्वचितच कोमट लागतो. जी हानी होते ती मुख्यतः हवेशी आलेल्या संपर्काने होते. पेशी फुटल्या की त्यांतील विकरे आणि प्राणवायू एकत्र येतात आणि सफरचंदाचा रस डोळ्यांदेखत तपकिरी होतो. संथ यंत्रात हवा कमी मिसळते एवढा त्याचा खरा लाभ. शिवाय उष्णता म्हणजे सदैव नाशच, ही कल्पनाही आपल्या शास्त्रास धरून नाही. अडुळशासारख्या पानांतून नुसते कुटून पुरेसा रस निघत नाही, म्हणून तर पुटपाकविधी सांगितला. कल्क पानांत गुंडाळून, वर मातीचा लेप देऊन, तो लाल होईतो भाजावयाचा आणि मग पिळावयाचे. ज्यास अडुळशाचा रस हवा आहे त्याला वीस हजारांचे शीत यंत्रही फारसे साहाय्य करणार नाही.

पहिली कसोटी : काय पिळले जात आहे ते दिसते काय?

आता तो वृत्तांत सांगतो. एक निवृत्त शिक्षक, वय ६१, स्थौल्य आणि प्रमेहाच्या प्रारंभिक अवस्थेसाठी माझ्याकडे येत. त्यांनीही तोच प्रश्न विचारला होता आणि मीही तेच ठराविक उत्तर दिले होते. त्यांनी रुंद तोंडाचे एक महागडे यंत्र आणले. त्याची ख्याती अशी की फळ चिरावे लागत नाही, अख्खेच टाकावे. दुधी, कारले, आवळे आणि तुळशीची मूठभर पाने यांचा मोठा पेलाभर रस ते रोज सकाळी घेऊ लागले. एके दिवशी रस नेहमीपेक्षा कडू लागला. कारले कडूच असते आणि औषधही कडूच असावयाचे, असे समजून त्यांनी तो संपविला. अर्ध्या तासात उलट्या व जुलाब सुरू झाले, पाठोपाठ उलटीतून रक्त पडले. त्यांच्या मुलाचा दूरध्वनी आला तेव्हा, एक क्षणही न दवडता रुग्णालयात न्या, एवढेच मी सांगू शकलो. रक्तदाब फार उतरला होता. दोन दिवस अतिदक्षता विभागात काढून ते सुखरूप परतले. उरलेला अर्धा दुधी घरच्यांनी शीतकपाटात ठेवला होता. त्याची एक चकती मी जिभेला लावली आणि तत्काळ थुंकली. ती विलक्षण कडू होती.

हा प्रकार अपवादात्मक असला तरी एकमेव नाही. २०१० मध्ये दिल्लीत एका वैज्ञानिकाचा दुधी-कारल्याचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला होता. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञसमिती नेमली. समितीच्या शिफारशी साध्या होत्या : रस काढण्यापूर्वी दुधीचा लहानसा तुकडा चाखावा, कडू लागल्यास तो टाकून द्यावा, दुधीचा रस अन्य रसांत मिसळू नये, त्रास झाल्यास त्वरित रुग्णालय गाठावे. कडूपणाचे कारण कुकुर्बिटासिन नावाची संयुगे होत. त्यांवर विशिष्ट असा प्रतिविषोपचार नाही, आणि शिजवूनही कडूपणा जात नाही.

आपल्याला तर हे निराळ्या नावाने पूर्वीच ठाऊक आहे. कडू भोपळा म्हणजे इक्ष्वाकू, कटुतुंबी. चरकांनी कल्पस्थानात त्यावर स्वतंत्र अध्याय लिहून त्याचे ४५ योग वमनार्थ सांगितले आहेत. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या गोड दुधी आणि कडू तुंबी ही एकाच जातीची भावंडे. ज्या द्रव्याची मात्रा वमनविधीत आपण रुग्णाचे बल, कोष्ठ पाहून भीतभीतच ठरवितो, तेच द्रव्य पूर्वकर्माविना, पेलाभर, रिकाम्या पोटी एका प्रमेही गृहस्थाच्या पोटात गेले. आणि मी त्यांना सांगितले काय होते, तर "ताजा रस प्या."

या घटनेत यंत्र बिघडले नव्हते. ते उत्तम चालले. परंतु अख्खे फळ आत जात असल्याने ते चिरले गेले नाही, चिरले न गेल्याने पाहिले गेले नाही, चाखले तर मुळीच गेले नाही. आणि कारल्याच्या मिश्रणाने उरलासुरला इशाराही लपविला. वाग्भटांचा पहिला आक्षेप तो हाच. म्हणून माझे पहिले सांगणे, रुंद तोंडाचे 'अख्खे फळ टाका' यंत्र हा गुण समजू नये. यंत्र अन्य दृष्टीने चांगले असल्यास जरूर घ्यावे, परंतु फळ चिरूनच टाकावे. चिरलेल्या सफरचंदातील अळी दिसते, अख्ख्यातील दिसत नाही. बिया काढाव्यात, आवळ्याची बी तर यंत्राचाही दात मोडते. मोसंबीची साल व पांढरा पापुद्रा रसात कडवटपणा आणतात. आणि काकडी, दुधी, दोडका यांचा प्रत्येक नग चाखल्याविना यंत्रात जाऊ नये. एकाच वेलावरची चार फळे गोड निघाली म्हणून पाचवे गोडच असेल असे धरून चालू नये.

दुसरी कसोटी : ते धुणार कोण?

मलसंकराचा विचार करताना आपण भाजीवरची माती, कीटकनाशके एवढाच करतो. ती धुतलीच पाहिजेत, पानांचे तर दोन-तीन पाणी काढले पाहिजे. परंतु घरगुती यंत्रात मळाचे मोठे स्थान निराळेच असते : जाळीची छिद्रे, मळसूत्राच्या टोकाची खोबण, रस निघण्याच्या तोटीचे रबरी बूच, भांड्याखालचे रबरी कडे. काल सकाळचा चोथा तेथे अडकतो, आंबतो आणि आजच्या 'ताज्या' रसात उतरतो. रस काही उकळला जात नाही, हे विसरू नये. शार्ङ्गधरांचे 'तत्क्षण' केवळ द्रव्यास नव्हे, पात्रासही लागू करावे असे मला वाटते.

दुकानात यंत्र चालवून दाखवितात; आपण ते उघडून दाखवावयास सांगावे. मग स्वतःच्या हातांनी सर्व भाग सुटे करून पुन्हा जोडावेत. किती भाग आहेत, प्रत्येक फटीत कुंचला पोहोचतो काय, रबरी कडी काढता येते काय, सुटी जाळी वेगळी विकत मिळते काय, हे पाहावे. जाळी तडकलेली यंत्रे मी रुग्णांच्या घरी चालू अवस्थेत पाहिली आहेत. वेगवान यंत्रात अशी जाळी वापरणे हा अपघातास निरोप होय. आयएसआय चिन्ह आणि सलग किती मिनिटे चालवावयाचे याची मर्यादा माहितीपत्रकात पाहून घ्यावी.

एक गोष्ट वैद्याने विचारावी, कारण रुग्ण ती आपणहून सांगत नाही. रस पिणारे एक आणि यंत्र धुणारे दुसरेच असतात. सकाळी सहा वाजता सासऱ्यांच्या पेलाभर रसासाठी सात सुटे भाग घासणारी सूनबाई त्या यंत्राविषयी काय बोलते हे मी ऐकले आहे. अशी यंत्रे दोन महिन्यांत माळ्यावर जातात, किंवा त्याहून वाईट म्हणजे नीट न धुता वापरली जातात. जो रस पिणार त्यानेच यंत्र धुवावे अशी अट मी आता घालतो. निम्म्या लोकांचा उत्साह तेथेच ओसरतो.

पात्राचा विचारही याच सदरात येतो. आंबट रसास लोखंड, तांबे व कल्हई नसलेले पितळ वर्ज्य. आवळा लोखंडी खलात कुटला की काळवंडतो हे आपण पाहतोच; तांब्याच्या संपर्काने त्यातील क जीवनसत्त्वाचा नाशही त्वरित होतो. दगडी खल, स्टेनलेस स्टील किंवा काच उत्तम. हाताच्या मळसूत्री यंत्रांत बिडाची, वरून मुलामा दिलेली यंत्रे मिळतात. मुलामा उडाल्यावर ती आंबट द्रव्यांस वापरू नयेत.

तिसरी कसोटी : किती वेळ ठेवणार?

संथ यंत्राचा रस दोन-तीन दिवस टिकतो अशी जाहिरात केली जाते. फेस कमी असल्याने त्याचा रंग व चव वेगवान यंत्राच्या रसापेक्षा अधिक काळ बरी राहते हे खरे. परंतु रंग टिकणे आणि रस निर्दोष राहणे या भिन्न गोष्टी आहेत. न उकळलेल्या रसात जंतूंची वाढ होते आणि आपल्या चैत्र-वैशाखात ती फार लवकर होते. शार्ङ्गधरांनी स्वरसाची मात्रा अर्धा पल सांगितली, आणि रात्रभर ठेवलेल्या वा अग्निसिद्ध रसास एक पल सांगितली. यावरून अशा रसाचे वीर्य कमी पडते असे त्यांना अभिप्रेत होते हे उघड आहे. मुंबई-पुण्यातील नोकरदार मंडळी रात्री रस काढून सकाळी कार्यालयात नेतात. त्यांना मी यंत्र घेऊ नका असे स्पष्ट सांगतो. डब्यात अख्खे फळ न्यावे.

मात्रेचा प्रश्न

अर्धा पल म्हणजे प्रचलित मानाने सुमारे २४ मिलिलिटर, चहाचे पाच चमचे. घरगुती यंत्राचे भांडे मात्र अर्धा लिटरचे असते, आणि भांडे रिकामे दिसू नये ही मनुष्याची स्वाभाविक इच्छा. औषधाचे माप पल आणि यंत्राचे माप पेला, या विसंगतीतून निम्मे दुष्परिणाम उद्भवतात. आर्द्रकस्वरस मधाबरोबर कास-श्वासात उपयुक्त, म्हणून कोणी अर्धा पेला आल्याचा रस प्यावा काय? आवळ्याचा स्वरस हळद व मधासह प्रमेहात प्रशस्त. पण त्यात मात्राविचार आहेच. प्रक्षेपद्रव्यांचेही शार्ङ्गधरांनी कोलप्रमाण दिले आहे, मूठभर म्हटलेले नाही.

शिवाय औषधी मात्रेस मोठे यंत्र सोयीचेही नाही. पाच चमचे रसासाठी दोन बोटे आले त्यात टाकल्यास बराचसा रस जाळीला व मळसूत्रालाच माखतो. खलबत्त्यात तेच काम तीन मिनिटांत होते, धुण्यास दोन वस्तू, आणि कुटताना द्रव्याचा गंध नाकाशी येतो. मंडूकपर्णी, तुळस, आले, ओली हळद, गुळवेल यांच्या स्वरसासाठी मी यंत्र सुचवीत नाही. गुळवेलीचे दोरे मळसूत्राभोवती गुंडाळून यंत्र अडकते हा अनुभव अनेकांनी घेतलाच असेल. घालावयाचीच तर बोटाच्या पेराएवढे तुकडे करून आधी ठेचून घालावी.

पेलाभर रस हा आहार म्हणून घ्यावयाचा असेल तर त्याचा विचार आहाराच्या नियमांनी व्हावा. तीन-चार संत्री खाताना मनुष्य मध्येच थांबतो. त्यांचा रस दोन घोटांत संपतो. तंतू चोथ्यात जातात आणि शर्करा रसात राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फळरसातील शर्करेस मुक्त शर्करेतच गणले आहे, मग रस घरी काढलेला का असेना. प्रमेहीस आणि मंदाग्नी, कफप्रधान, आम असलेल्या रुग्णास सकाळचा शीत, गुरू रस हितकर नाही हे आपल्या परिभाषेत सांगण्याची आवश्यकता नसावी. कारल्याचा रस आणि मधुमेहाची आधुनिक औषधे एकत्र घेणाऱ्यांची शर्करा एकाएकी उतरू शकते. वृक्कविकाराच्या रुग्णांत फळरसातील पोटॅशियम, आणि पालक-बीटच्या रसातील ऑक्झलेट यांनी हानी होते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन घेणाऱ्याने हिरव्या पानांचा रस अचानक सुरू करू नये. ही चौकशी केल्याविना यंत्राचे नाव सुचविणे हे मात्रा न लिहिता औषध देण्यासारखे आहे.

मग यंत्र कोणास द्यावे? ज्यास चावता येत नाही त्यास. वार्धक्याने दात गेलेले, मुखपाकाने पीडित, जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे, कर्करोगाच्या उपचारांत तोंड सोललेले रुग्ण. यांना डाळिंब, मोसंबी, द्राक्ष यांचा थोडा थोडा ताजा रस खरोखरच आधार देतो, आणि येथे संथ मळसूत्री यंत्राचा खर्च सार्थकी लागतो. फेसरहित, गाळीव रस त्यांना गिळण्यास सोपा जातो. तोंड सोललेले असल्यास आंबट रस झोंबतो. तेव्हा डाळिंब किंवा गोड द्राक्षे बरी. मात्र घशाच्या पक्षाघातात पातळ द्रव ठसकतो, तेथे रसाचा आग्रह धरू नये. गव्हांकुराचा रस ज्यांना घ्यावयाचाच आहे त्यांना हाताने फिरवावयाचे स्टीलचे मळसूत्री यंत्र पुरते. मोठ्या कुटुंबात कधीमधी गाजर-सफरचंदाचा रस निघत असेल तर साधा सेंट्रिफ्यूगल ज्यूसर स्वस्त आणि पुरेसा. लगेच प्यावयाचा असल्यास संथ यंत्राच्या चौपट किमतीस कारण उरत नाही. आणि ज्यांच्या घरी मिक्सर आहे, म्हणजे बहुतेक सर्वांच्याच, त्यांनी प्रथम महिनाभर मिक्सरमध्ये थोड्या पाण्यासह फिरवून मलमलीतून गाळून पाहावे. त्यास काटेकोरपणे स्वरस म्हणता येणार नाही, पाणी मिसळलेले आहे. पण महिन्यानंतरही उत्साह टिकला तरच खरेदीचा विचार करावा.

वर उल्लेखिलेले गुरुजी पुढे दोन महिन्यांनी चिकित्सालयात आले. "डॉक्टर, ते यंत्र विकून टाकू का?" असे त्यांनी विचारले. त्यांच्या पत्नीच्या कवळीचे काम चालू होते, त्यांना काही चावता येत नव्हते. "विकू नका, गुरुजी," मी म्हणालो, "वहिनींना डाळिंबाचा रस काढून द्या. पण दाणे तुम्ही सोलायचे, आणि यंत्रही तुम्हीच धुवायचे." त्यांच्या स्वतःच्या चिठ्ठीवर मी आवळ्याचा स्वरस लिहिला : खलात कुटून, कापडातून पिळून, पाच चमचे, हळद व मधासह, काढल्याबरोबर घ्यावा. दुधी खावयाचा असल्यास भाजी करावी, तीही प्रथम एक फोड चाखून, हे चिठ्ठीच्या तळाशी लाल शाईने लिहिले. प्रमेहाच्या प्रत्येक रुग्णाच्या चिठ्ठीवर ती ओळ मी आता लिहितो.